दादा शिकागोले, ताई मेलबर्नले, आम्ही वरुडले: तिघाईचा फोन एका टाइमाले कसा जमवाचा?

संत्रावाला_वरुड

नमस्कार मंडळी. प्रश्न सोपा वाटन, पण आमच्या घरात यावरून दर रविवारी कटकट होते म्हणून इथी टाकून राह्यलो. दादा नोकरीनं शिकागोले आहे, ताई लग्न होऊन मेलबर्नले गेली, अन् आई-बाबा अन् मी इथी वरुड तालुक्यात, संत्र्याचा बगीचा, थोडा गहू-हरभरा अन् दोन म्हशी. दादाले एकट्याले फोन लावणं जमते, ताईले एकटीले बी जमते, पण आईचं म्हणणं असं का दोघंही एकाच टाइमाले एका स्क्रीनवर दिसले पाहिजेत. आता रात्री जेवणं झाल्यावर नऊले लावला तर ताईकडं रात्रीचे दीड वाजले राहतात. दुपारी दोनले लावला तर दादाकडं पहाटेचे साडेतीन. अन् त्यात हे दोघाईचे देश घड्याळ मागं-पुढं करतात, तेही वेगवेगळ्या महिन्यात अन् एकमेकाच्या उलटं, म्हणजे एक जण पुढं नेते तेव्हा दुसरा मागं आणते.

माह्यं तर अजून वेगळंच आहे. वावरातल्या मोटारीले एक आठवडा दिवसाची लाईन अन् एक आठवडा रात्रीची, थ्री फेजची. हिवाळ्यात रात्रीची लाईन असली का बारा-एकले मी वावरातच राहतो, गव्हाले पाणी नाहीतर जानेवारीत संत्र्याच्या आंबिया बहाराचा ताण तोडाचा, म्हणजे पाणी बंद ठेवलेल्या झाडाईले परत पाणी द्याचं राहते. तेव्हा दादाशी मस्त गोष्टी होतात कारण तिकडं त्याची जेवणाची सुट्टी राहते, मी इकडं बॅटरी घेऊन रानडुकराईच्या मागं अन् तो तिकडं डबा खात. पण आईले काय रात्री बारा वाजता धुऱ्यावर नेऊ?

तर ज्यांचे पोरं-भाऊ-बहिणी अशा दोन टोकाले आहेत त्यांनी सांगजा. अन् नुसता किती तासाचा फरक एवढं नोका सांगू, त्या टाइमाले तिथी माणसाचं काय चालू राहते थे सांगा, म्हणजे आईले समजावता येईन.

पोट्टा_अकोल्याचा

भाऊ फोनात दुनियाभरचं घड्याळ राहते, दोन शहरं टाक, काम खतम. एवढा मोठा निबंध काऊन लिहिला बे.

संत्रावाला_वरुड

टाकले ना राजा, दोन्ही टाकले. घड्याळ सांगते का शिकागोत सकाळचे सात वाजले. आता सात वाजता दादा गाडीवरचा बर्फ खरडून राह्यला का आंघोळ करून राह्यला थे त्या घड्याळात कुठी दिसते?

आर्वीची_मेलबर्नकर

भाऊ, माझं माहेर आर्वी, इथे मेलबर्नला बरीच वर्षं झाली, त्यामुळे तुमच्या ताईची बाजू मी सांगते.

आधी आकडे. एप्रिल ते ऑक्टोबर आम्ही तुमच्या साडेचार तास पुढे, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेपाच तास पुढे. कारण आमचा उन्हाळा तेव्हा असतो. डिसेंबरात तुम्ही शेकोटी करता तेव्हा इथे रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो आणि पोरं झोपायलाच तयार होत नाहीत, आणि जूनमध्ये तुमच्याकडे तिफणी निघतात तेव्हा इथे सव्वापाचच्या आधीच सूर्य बुडालेला असतो. सूर्याचं अजून एक म्हणजे तो इथे उत्तरेच्या बाजूने जातो. भाड्याने घर बघायला गेलं की सगळे विचारतात उत्तरेचं ऊन येतं का, आपल्याकडे कोणाला उत्तरेचं ऊन म्हटलं तर वेड्यात काढतील.

आता दिवस कसा जातो ते. इथलं सगळं लवकर. कॉफीची दुकानं सकाळी सहा-सातला उघडतात आणि दुपारी तीन-चारला खुर्च्या उलट्या करून मोकळी. बाकी बरीचशी दुकानं पाच-साडेपाचला बंद, मोठी किराणा दुकानं सोडून. जेवण सहा-सातला. म्हणजे तुम्ही दुपारी चारचा चहा घेऊन निवांत फोन लावला तर तुमच्या ताईकडे रात्रीचे साडेआठ नाहीतर साडेनऊ, पोरांना झोपवायची वेळ, आणि तेव्हा ती जे हं हं करते ना ते रागाने नाही हो, तिचं अर्धं लक्ष दुसऱ्या खोलीत असतं. आईंना हे नक्की सांगा, माझ्या आईलाही हेच वाटायचं की पोरगी तुटक बोलते.

रविवारी सकाळी दहा-अकरा ही इथली सगळ्यात चांगली वेळ, तेव्हा तुमच्याकडे पहाटे साडेपाच-सहा आणि शिकागोत शनिवारची संध्याकाळ असते, म्हणजे तिघंही जागे आणि तिघांपैकी कोणीच ऑफिसात नाही. फक्त दोन गोष्टी विचारून घ्या. पोरं असतील तर शनिवार-रविवार सकाळी मैदानावर पोचवणं-आणणं असतं. आणि ताई किंवा जावई हॉस्पिटलात किंवा वृद्धाश्रमात कामाला असतील तर रविवार हा त्यांचा रविवार असेलच असं नाही, त्यांचा रोस्टर मागून घ्या.

आणि थंडी-थंडी काय करता, इथे ७ फेब्रुवारी २००९ ला ४६.४ डिग्री गेलं होतं. फरक एवढाच की इथे दुपारी चाळीस असतं आणि संध्याकाळी दक्षिणेचा वारा फिरला की तासाभरात जाकीट घालायची पाळी. विदर्भात मे महिन्यात रात्री बारालाही भिंती तापलेल्या असतात, तशी शिक्षा इथे क्वचितच.

हो, अजून एक. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी इथे घोड्यांच्या शर्यतीची सरकारी सुट्टी असते, मेलबर्न कप. खोटं नाही सांगत. त्या दिवशी ताई घरी सापडेल.

पोट्टा_अकोल्याचा

घोड्याच्या शर्यतीची सरकारी सुट्टी!! अन् आपल्या इथी शंकरपटाले जायाचं म्हटलं तर मास्तरले पोट दुखते सांगा लागते.

शिकागोचा_अमरावतीकर

मेलबर्नच्या ताईंनी बरोबर सांगितलं, आता या बाजूचं माझ्याकडून. इथे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत आम्ही तुमच्या साडेदहा तास मागं अन् उरलेल्या हिवाळ्यात साडेअकरा तास मागं. हिवाळ्यातलं लक्षात ठेवायला सोपं आहे, घड्याळ जवळपास पलटी मारल्यासारखं, इथले सकाळचे सात म्हणजे तुमचे संध्याकाळचे साडेसहा. तुम्ही जनावरं बांधता तेव्हा आम्ही उठतो.

हिवाळा म्हणजे काय ते घरच्यांना फोनवर कधीच समजत नाही भाऊ. डिसेंबरात इथे संध्याकाळी चार वाजून वीस मिनिटांनी सूर्य बुडतो. चार वीस! माणूस ऑफिसातून निघतो तेव्हा रात्र झालेली, सकाळी निघाला तेव्हाही धड उजाडलेलं नव्हतं, दिवसाचा उजेड फक्त खिडकीतून बघायचा. लेक मिशिगनवरून जो वारा येतो त्यात नाक आहे की नाही ते हात लावून बघावं लागतं. वजा वीस डिग्रीत दादा फोन उचलून एका मिनिटात ठेवत असेल तर तो रस्त्यावर आहे अन् हातमोजा काढून बोलतो आहे एवढंच समजा.

अन् बर्फाचं एक ऐका, आईंना सांगा, हसतील. रस्त्याच्या कडेला गाडी लावायची जागा असते, तिच्यावर दोन-दोन फूट बर्फ साचतो. माणूस तासभर फावड्यानं तो काढतो, गाडी घेऊन कामाला जातो, अन् जाताना त्या मोकळ्या जागेत घरातली जुनी मोडकी खुर्ची ठेवून जातो. म्हणजे ही जागा माझी. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो अगदी तसं. कायद्यात बसत नाही पण शहाणा माणूस ती खुर्ची हलवत नाही. दोन खुर्च्यांवर झाडू आडवा ठेवलेला पण मी पाहिलेला आहे.

उन्हाळ्यात मात्र उलटं. जूनमध्ये रात्री साडेआठपर्यंत उजेड, सगळं शहर तळ्याच्या काठावर, शनिवारी संध्याकाळी कोणी घरात सापडायचं नाही. म्हणून दादाला आधी सांगून ठेवा, फोन तिथं उन्हात बसूनही घेता येतो.

अजून एक सांगतो नाहीतर घाबराल. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला इथे वादळाच्या इशाऱ्याचे भोंगे टेस्टिंगसाठी वाजवतात, पूर्ण शहरात. तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. माझी मावशी तेव्हा फोनवर होती, तिला वाटलं युद्ध लागलं, तिनं इकडं देवाजवळ दिवा लावला.

किराण्याची चिंता आईंना असेल तर डेव्हॉन अव्हेन्यू म्हणून रस्ता आहे, तिथं तुरीच्या डाळीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं, त्या रस्त्याच्या एका तुकड्याला मानानं गांधी मार्ग अशी पाटी पण आहे. फक्त ज्वारीची भाकर अन् झुणक्याची चव काही तिथं मिळत नाही.

वणीवाली_मी

मले एक पटलं नाही. तरण्या पोराले शनिवारी संध्याकाळी दर आठवड्याले फोनसमोर बसवता, मित्राईसंगं बाहेर जायाची त्याची तीच एक वेळ राहते. माह्या भावानं दोन-तीन महिने केलं अन् मंग नेटवर्क नाही नेटवर्क नाही चालू झालं, शिकागोत काय नेटवर्क नाही म्हणते, आमच्या इथी खाणीच्या बाजूले बी येते बाप्पा. आता आम्ही आवाजाचे मेसेज पाठवतो. आई सकाळी सडा टाकता टाकता बोलते, कोंबडे-बिंबडे सगळे ऐकू येतात त्यात, अन् तो तिकडं रात्री ट्रेनमध्ये ऐकते. महिन्यातून एक बार व्हिडिओ. कोणाची तक्रार नाही.

शिकागोचा_अमरावतीकर

वणीच्या ताई, मुद्दा बरोबर आहे पण उन्हाळा सोडला तर सहा-सातला इथे कोणी बाहेर पडत नाही, पोट्टे आठ-नऊच्या पुढं निघतात. अर्धा तास देता येतो. अन् हिवाळ्यात तर सहाला अंधार, माणूस घरातच, कोणाशी तरी बोलायला मिळालं तर बरंच वाटतं त्याला.

निवृत्त_मास्तर_पुसद

सर्वांना नमस्कार. चर्चा छान चालली आहे. कोणी विचारलं नाही पण सांगतो, शाळेतही मी हेच करायचो.

हा जो अर्ध्या तासाचा फाटा तुम्हाला सगळ्या हिशोबात आडवा येतो तो आपलाच आहे, शिकागो आणि मेलबर्न दोघेही ग्रीनिचपासून पूर्ण तासांवर आहेत. आपली वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर धरलेली आहे, एका अंशाला चार मिनिटं, म्हणून साडेपाच तास. १९०६ सालापासून ही वेळ आहे, तरी मुंबईवाले आपली वेगळी मुंबई वेळ १९५५ पर्यंत धरून बसले होते. नेपाळ तर आपल्याही पुढे पंधरा मिनिटं, पावणेसहा तास. वरुड मिर्झापूरच्या रेखांशाच्या बरंच पश्चिमेला आहे, त्यामुळे तुमच्या बगीच्यात सूर्य खरा डोक्यावर येतो तो बाराला नाही, साधारण सव्वाबाराला, महिन्याप्रमाणे थोडा पुढेमागे. गुजरातच्या टोकाला आणि अरुणाचलच्या टोकाला तर सूर्योदयात जवळजवळ दोन तासांचा फरक पडतो, पण घड्याळ एकच. आसामच्या चहामळ्यांत म्हणून बागान टाइम चालतो, घड्याळ एक तास पुढे.

आणि गंमत बघा, तुमचा दादा ज्या शहरात आहे तिथेच ऑक्टोबर १८८३ मध्ये अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांची बैठक झाली आणि वेळेचे पट्टे ठरले. त्याआधी गावागणिक आपापली दुपार होती आणि रेल्वेचं वेळापत्रक लावताना लोक वेडे व्हायचे. १८ नोव्हेंबर १८८३ पासून ते पट्टे लागू झाले. सरकारी कायदा त्याचा झाला १९१८ मध्ये. म्हणजे पस्तीस वर्षं फक्त रेल्वेच्या शब्दावर देश चालला. आमच्या शकुंतला रेल्वेला कोणी असं मनावर घेतलं असतं तर मूर्तिजापूर ते यवतमाळ आज वेगळं दिसलं असतं, पण तो विषय निघाला की मी थांबत नाही, म्हणून थांबतो.

घड्याळ पुढे-मागे करण्याचं म्हणाल तर आपणही केलेलं आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक तास पुढे. पण आपल्या अक्षांशाला उन्हाळा-हिवाळ्याच्या दिवसात फरक तो किती, विदर्भात जूनचा दिवस डिसेंबरपेक्षा अडीच तासांनी मोठा असेल. शिकागोत तो फरक सहा तासांच्या आसपास जातो, म्हणून त्यांना ती उठाठेव सुचते.

संत्रावाला_वरुड

मास्तर, तुमच्यासारखे मास्तर आमाले असते तर भूगोलात पास झालो असतो.

बरं, आईशी बोललो. सगळं वाचून दाखवलं, खुर्चीवर झाडू ठेवते म्हटल्यावर लय हसली. तिनं सहा नाही म्हटलं, ती म्हणते साडेपाचलेच लावा, कारण सहाले म्हशीचं दूध काढा लागते अन् साडेसहाले डेअरीचा माणूस येते, म्हैस काही शिकागोसाठी थांबत नाही. अन् मले बी जमते, रात्रीची लाईन असली तर मी तेव्हाच वावरातून मोटार बंद करून येत राहतो. बाबा म्हणतात मी अंथरुणातूनच बोलतो.

आता ताई-दादाकडं नेमके किती वाजतीन थे कोणीतरी एकदाचं लिहून द्या, मी कागदावर काढून देवघराच्या बाजूले चिटकवतो.

निवृत्त_मास्तर_पुसद

अहो तुमच्या मातोश्रींनी अगदी नेमकी वेळ काढली! आपले पहाटेचे साडेपाच म्हणजे ग्रीनिचची बरोबर मध्यरात्र. त्यामुळे आपला अर्ध्या तासाचा फाटा तिथेच जिरतो आणि दोन्ही शहरांत काटा पूर्ण तासावर येतो.

लिहून घ्या. आपला रविवार पहाटे साडेपाच. एप्रिलच्या पहिल्या रविवारपासून ऑक्टोबर लागेपर्यंत शिकागोत शनिवार संध्याकाळी सात, मेलबर्नला रविवार सकाळी दहा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मेलबर्न अकरावर जाईल, शिकागो सातच. नोव्हेंबरात शिकागो सहावर येईल, मेलबर्न अकराच. मग मार्चात शिकागो परत सात, आणि एप्रिलात मेलबर्न परत दहा. वर्षातून चार वेळा कागद बघायचा, आपलं घड्याळ कधीच हलत नाही, तुम्ही फक्त साडेपाचला उठायचं.

आर्वीची_मेलबर्नकर

यात एक बारीक गोष्ट आहे मास्तर. ज्या रविवारी आमचं बदलतं ते पहाटेच बदलतं, म्हणजे तुमच्या फोनच्या वेळी नवीन वेळ लागू झालेली असते. पण शिकागोत ते शनिवार-रविवारच्या रात्री दोनला बदलतं, आणि तुमचा फोन त्याआधी शनिवारी संध्याकाळीच होऊन जातो. म्हणजे शिकागोचा फरक तुम्हाला पुढच्या आठवड्यापासून जाणवेल.

निवृत्त_मास्तर_पुसद

बरोबर. कागदावर तेवढं कोपऱ्यात लिहा.

वणीवाली_मी

अन् दिवाळीचं काय करता? लक्ष्मीपूजन तर संध्याकाळी राहते.

शिकागोचा_अमरावतीकर

त्याला उपाय नाही. दिवाळी आली की इथलं घड्याळ बदललेलं असतं नाहीतर बदलायच्या बेतात असतं. नोव्हेंबरातलं धरा, तुमच्याकडे संध्याकाळी सातला पूजा तर इथे सकाळचे साडेसात, दादा कामाला निघाला, अन् ताईकडे रात्रीचे साडेबारा. आमच्या घरी आम्ही असं करतो, पूजेच्या वेळी माझ्याकडे फक्त चालू व्हिडिओ, मी गाडीत बसून आरती ऐकतो, कोणी माझ्याशी बोलायचं नाही. अन् बोलणं दुसऱ्या दिवशी पाडव्याला पहाटे. सुट्टी नसते त्यामुळे पाच-दहा मिनिटांत आटपतं.

आर्वीची_मेलबर्नकर

आमच्याकडे उलट, मी आमची पूजा इथल्या संध्याकाळी उरकते, तेव्हा आर्वीला दुपारचे दोन-अडीच असतात आणि आई करंज्या तळत असते. ती एका हातात झारा धरून दुसऱ्या हाताने फोनवरून मला सांगते की रांगोळी वाकडी आहे.

पोट्टा_अकोल्याचा

भाऊ एक सांग, या रविवारी लावणार का? अन् रात्रीची लाईन आहे का दिवसाची?

संत्रावाला_वरुड

रात्रीची आहे. दादाले मेसेज टाकला, तो म्हणते सातले ये. ताई म्हणते दहाले पोराची मॅच आहे, मैदानावरूनच लावतो. आई विचारून राह्यली का मैदानावर थंडी आहे का, स्वेटर घालजो म्हणा त्याले.